दोघी बहिणींची एकच नोंद

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात कुठल्याही प्राथमिक शिक्षकाच्या घरी जा, एकच देखावा दिसेल. सतरंजीवर प्रगतीपत्रकांचा गठ्ठा, पंख्यानं उडू नयेत म्हणून त्यावर ठेवलेलं लाटणं, शेजारी मूल्यमापनाची नोंदवही, आणि मोबाइलवर उघडलेली एक पीडीएफ: 'वर्णनात्मक नोंदी'. दुसऱ्या सत्राची परीक्षा संपली की ही पीडीएफ शिक्षकांच्या ग्रुपवर फिरायला लागते. मराठीत असते, उर्दूत असते, विषयवार असते. 'कविता तालासुरात म्हणतो', 'मोठ्यांचा आदर करतो', 'परिसर स्वच्छ ठेवतो'. एकेका इयत्तेला पन्नास-साठ वाक्यं. वरून एक, मधून एक, खालून एक उचलायचं, की एका मुलाचं वर्ष आटोपलं.

मीही हेच केलंय. एक-दोन वर्षं नाही, बरीच वर्षं.

शाळेशी रोजचा संबंध नसलेल्या वाचकांसाठी थोडं सांगते. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. आधीची तिमाही-सहामाही गेली. पहिली-दुसरीला वर्षभराच्या निरीक्षणाचे, म्हणजे आकारिक मूल्यमापनाचे ७० गुण आणि सत्राअखेरच्या संकलित परीक्षेचे ३०, तिसरी-चौथीला ६० आणि ४०, पाचवीला निम्मे-निम्मे. गुणांच्या जागी श्रेणी. आणि प्रगतीपत्रकात तीन रिकाम्या चौकटी: 'विशेष प्रगती', 'आवड, छंद' आणि 'सुधारणा आवश्यक'. कल्पना चांगली होती, आजही आहे. मूल आकड्यात मावत नाही, म्हणून शिक्षकानं त्याच्याबद्दल दोन शब्द लिहावेत. त्या दोन शब्दांची पीडीएफ आम्ही शिक्षकांनीच केली. नोंदींची सक्ती होती, तपासणी होती, वेळ नव्हता. कारणं खरी आहेत. तरी पीडीएफ केली ती आम्हीच.

माझी शाळा जिल्हा परिषदेची उर्दू शाळा, पहिली ते पाचवी, मराठवाड्यातल्या एका गावात. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. १ मे, महाराष्ट्र दिन. झेंडावंदन झालं, राज्यगीत झालं, मुलांना बिस्किटं वाटली आणि निकाल हातात दिले. टेम्पो चालवणारे एक पालक आले होते. त्यांच्या दोन मुली आमच्याकडे, एक दुसरीत, एक चौथीत, आणि त्या वर्षी दोन्ही वर्ग माझ्याकडेच होते. स्वतः ते मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेले. उर्दू त्यांना येते, पण बोट ठेवून, हळूहळू. प्रगतीपत्रक उर्दूत. त्यांनी दोन्ही पत्रकं झाडाच्या सावलीत शेजारी-शेजारी धरली, ओठ हलवत वाचली आणि एकदम खूश होऊन माझ्याकडे आले.

"मॅडम, दोनो बहनां एकसरीखीच निकले! दोनो नज्म तरन्नुमसे पढतियां!"

मी 'हौ' म्हटलं. दुसरं काय म्हणणार? धाकटी खरंच गायची, वर्गात, रस्त्यात, हातपंपावर. मोठीनं वर्षभरात एकही नज्म म्हटलेली मला आठवत नव्हती. ती मुळात फार बोलायचीच नाही. पण हातच्याची वजाबाकी तिच्याइतकी चटकन वर्गात कुणाला येत नव्हती, आणि दुपारच्या खिचडीच्या वेळी पहिलीतल्या मुलांच्या ताटल्या ती न सांगता मोजून मांडायची. हे मला माहीत होतं. मी लिहिलं नव्हतं. वडील खूश होते. मोठीनं मात्र माझ्याकडे पाहिलं, आणि मग जमिनीकडे. तिला कळलं होतं की हे वाक्य तिचं नाही.

तेव्हापासून सत्राअखेरीला 'आमच्या शाळेची यशोगाथा' असा शब्द कुणी काढला की मला ती मुलगी आठवते.

सत्र संपताना शाळेला वार्षिक अहवाल लिहावा लागतो. त्यात काय असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. शिष्यवृत्तीला किती बसले, किती पात्र ठरले. तालुक्याच्या क्रीडास्पर्धेत कितवा नंबर. स्नेहसंमेलनाला कोण पाहुणे आले. किती झाडं लावली, लोकवर्गणीतून काय मिळालं: पंखे, पाण्याची टाकी, एखादा टीव्ही. आणि फोटो. आता फोटोशिवाय काहीच घडत नाही. झाड लावताना एका रोपाला नऊ माणसांचे हात लागलेले असतात.

मी या गोष्टींच्या विरोधात नाही. शिष्यवृत्तीचंच बघा. दोन पेपर, १५० गुणांचा एक, आणि पात्र ठरायला प्रत्येकात ४० टक्के हवेत. ही परीक्षा उर्दूतून देता येते. हमालाच्या, भाजीवाल्याच्या घरातलं पोर त्यात पात्र ठरतं तेव्हा मोहल्ल्यात पेढे वाटले जातात, आणि वाटलेच पाहिजेत. माझा आक्षेप वेगळा आहे. जानेवारी उजाडला की शाळेतली हुशार चार मुलं जादा तासांना बसतात आणि वर्गातली उरलेली वीस त्या दिवसांत फळ्यावरचं उतरवून काढतात. अहवालात चार येतात. वीस कुठे येतात?

स्नेहसंमेलनाबद्दल थोडं जास्त लिहायचं आहे, कारण आमच्या उर्दू शाळांत तो एक वेगळाच मामला असतो. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतो. गेली काही वर्षं तो सत्राच्या उत्तरार्धात येतो आहे, त्यामुळे आमचं संमेलन त्याच्या आधी उरकायची घाई. किरात, हम्द, नात, मग स्वागत, सत्कार, शाली, भाषणं. पाहुण्यांची भाषणं संपेपर्यंत पहिली-दुसरीची मुलं उन्हात पेंगतात. मग कार्यक्रम. आणि तिथे तो दर वर्षीचा प्रश्न: मुलींनी नाचायचं का?

काही पालकांना चालतं, काहींना चालत नाही. मला यावर गावाशी भांडण करायचं नाही. ज्या घरातून मुलीला शाळेत पाठवताना आधीच चार जणांचं ऐकून घेतलेलं असतं, त्या घराला मी संमेलनाच्या एका गाण्यासाठी अडचणीत टाकणार नाही. पण मला राग येतो तो दुसऱ्या गोष्टीचा. नाच नको म्हटल्यावर बऱ्याच शाळा मुलींना स्टेजवरूनच उतरवतात. पहिलीतल्या दोन गोड मुली नात म्हणतात, आणि मोठ्या मुली गजरे, हार, पाण्याचे ग्लास यांच्या मागे. म्हणजे काय झालं? नाच गेला, त्याबरोबर आवाजही गेला. आम्ही मुलींच्या हातात माइक दिला. सूत्रसंचालन मुलींचं, एकीचं उर्दूतून, दुसरीचं मराठीतून. बैतबाजीत मुलींचा संघ. बाजारात वजनकाट्यात मारणाऱ्या दुकानदारावरची एक नाटुकली, त्यातला दुकानदारही मुलगीच, मिशी लावून. एका वडिलांनी पहिल्या वर्षी माइकलाही हरकत घेतली. दुसऱ्या वर्षी त्यांच्याच मुलीनं मराठीतून सूत्रसंचालन केलं. सरपंच पहिल्या रांगेत होते, इतकी वर्षं आमच्या संमेलनात ते हसऱ्या चेहऱ्यानं काहीही न कळता बसायचे. त्या दिवशी ते योग्य जागी हसले. हरकत घेणारे वडील मागे उभे राहून कुणाला तरी सांगत होते, "मेरी बच्ची है वो."

या वर्षी आमच्याकडे जो सगळ्यात चांगला उपक्रम झाला तो मात्र स्टेजवरचा नव्हता. बाल आनंद मेळावा. मुलं घरून काहीतरी करून आणतात, पटांगणात बाकांवर मांडतात, गावकरी विकत घेतात. भेळ, समोसे, उकडलेले हरभरे, लिंबू सरबत, एकानं तर शेळीचं दूध आणलं होतं. (ते कुणी घेतलं नाही. शेवटी चहात गेलं.) चौथीतला एक मुलगा आहे, वहीत वजाबाकी दिली की घाबरतो, हातचा कुठे द्यायचा ते कधी लक्षात राहत नाही. त्याच्या स्टॉलवर मी उभी होते. एका बाईनं पस्तीस रुपयांची खरेदी करून पाचशेची नोट दिली. मी श्वास रोखला. त्यानं पाच रुपये काढले, "चाळीस", मग दहा, "पन्नास", मग पन्नासची नोट, "शंभर", मग चार शंभरच्या, आणि हातात ठेवले. वजाबाकी केलीच नाही त्यानं, बेरीज करत वर गेला. त्याचे अब्बू हातगाडी लावतात. हे गणित त्याला येत होतं, फक्त माझ्या वहीत ते मांडायची पद्धत वेगळी होती. दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर वजाबाकी त्याच्या पद्धतीनं केली, आणि निम्म्या वर्गाचं डोकं हललं: हां, ऐसा है क्या.

त्याच्या प्रगतीपत्रकात 'विशेष प्रगती'च्या चौकटीत आता लिहिलं आहे: 'पाचशेच्या नोटेचे सुटे बरोबर देतो.' हे वाक्य कुठल्याही पीडीएफमध्ये नाही. गणितात श्रेणी ब-२ आहे, ती तशीच आहे, मी वाढवलेली नाही.

मेळाव्याचा हिशेब लिहिताना आणखी एक मजा झाली. हिशेब, नफा, बाकी, जमा, वसूल, किंमत, वजन, दुकान. मराठी शाळेतल्या पोरानं लिहिलं काय आणि आमच्या पोरानं लिहिलं काय, शब्द तेच. 'तोटा' मात्र आमच्या मुलांना नवा होता, ती 'नुकसान' म्हणत होती, आणि नुकसान तर मराठीतही आहेच. मग आठवडाभर भिंतीवर एक मोठा कागद लावला. डावीकडे देवनागरीत, उजवीकडे उर्दूत, दोन्ही भाषांत चालणारे शब्द. हजेरी, तारीख, दाखला, अर्ज, कागद, शाई, जमीन, बाजार. मुलं घरून शब्द आणू लागली. एकीनं सांगितलं की तिच्या आजीनं भांडून दोन शब्द दिलेत. साताठ दिवसांत कागद भरला. 'मराठी अवघड आहे' हे वाक्य त्या आठवड्यात मला ऐकू आलं नाही.

अवघड आहे, हे खरं. आमच्या मुलांची घरची बोली दखनी, पुस्तकातली उर्दू वेगळी, आणि रस्त्यावर, एसटीत, दवाखान्यात, तलाठ्याकडे मराठी. मुलं 'माझी पुस्तक' म्हणतात, कारण किताब स्त्रीलिंगी. 'पाणी आला' म्हणतात, कारण पानी आया. नपुंसकलिंग नावाची गोष्टच त्यांच्या घरात नाही. 'ळ' नाही, म्हणून 'शाला' आणि 'फला'. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची आणि नंतर उच्चारायची, यावर तर उजवीकडून डावीकडे लिहिणाऱ्या मुलाचा विश्वासच बसत नाही. पण 'जाणे'तला ज आणि 'जीभ'मधला ज वेगळा आहे, हे त्यांना एकदाच सांगावं लागतं. जीम आणि जे यांतला फरक ओळखणारा कान त्यांच्याकडे आधीपासून असतो. हे सगळं मी आमच्या मराठी वाचकांसाठी मुद्दाम लिहिते आहे. उर्दू शाळेतलं मूल 'पाणी आला' म्हणतं तेव्हा ते मराठीचा अपमान करत नसतं. दुसरी भाषा शिकणारा प्रत्येक माणूस याच वाटेनं जातो.

आता मुद्द्याचं. पाचवी झाली की आमची मुलं शाळेतून बाहेर पडतात. गावात सहावी-सातवीला मराठी शाळा आहे, पुढे मराठी हायस्कूल आहे. उर्दू हायस्कूल तालुक्याला, १४ किलोमीटरवर. मुलगे एसटीनं, कुणाच्या मोटारसायकलवर जातात. मुलींचं काय होतं ते या ब्लॉगच्या वाचकांना सांगायला नको. एप्रिल-मेमध्ये, निकाल हातात असताना, घराघरात हा निर्णय होतो. "तालुक्याला कोण सोडणार?" आणि "मराठी शाळेत तिला समजेल का?" या दोन प्रश्नांमध्ये मुलगी घरी बसते. कुणी वाईट हेतूनं बसवत नाही. शाळा सोडल्याचा दाखला कपाटात राहतो, पुढची शाळा मागत नाही, कारण पुढची शाळाच नसते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. बस माझ्या हातात नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र पूर्णपणे माझ्या वर्गात आहे. म्हणून माझं स्पष्ट मत असं झालंय की उर्दू प्राथमिक शाळेनं सत्राअखेरीला एक गोष्ट सगळ्यांत आधी मोजावी: आमच्याकडून बाहेर पडणारी मुलगी गावातल्या मराठी वर्गात जाऊन बसली तर तिला पुस्तक वाचता येईल का, आणि उभं राहून आपलं म्हणणं सांगता येईल का? हे 'हो' असेल तर संमेलन नाही झालं तरी चालेल. 'नाही' असेल तर कपाटातले कप कुणासाठी?

यावर आमच्याच लोकांचा पहिला आक्षेप येतो. मराठीवर इतका जोर द्यायचा तर उर्दू शाळा हवीच कशाला? उलट प्रश्न असा आहे की उर्दू शाळा टिकणार कशी? ३० सप्टेंबरच्या पटावर आमची संचमान्यता ठरते, शिक्षक ठरतात. पट कमी होतोय, कारण ज्याला थोडी ऐपत आहे तो मूल इंग्रजी शाळेत टाकतोय. तो उर्दूचा दुश्मन नाही. त्याला भीती आहे की उर्दू शाळेतून निघालेलं मूल पुढे कुठेच बसणार नाही. ही भीती आम्ही मुशायऱ्यातल्या उर्दूच्या कौतुकानं घालवू शकत नाही. आणि वर्गातला माझा अनुभव असा की ज्या मुलाची उर्दू पक्की तेच मूल मराठी लवकर उचलतं. वाचायचं कसं, हे एकदाच शिकायचं असतं. लिपी दुसरी आली तरी ते शिकलेलं वाया जात नाही. मराठी अर्धी राहते ती बहुतेक उर्दूही अर्धीच राहिलेल्या मुलाची.

दुसरा आक्षेप सरकारी भाषेतला असतो: मराठी तर २०२० च्या कायद्यानं सक्तीचीच आहे, पुस्तक आहे, तासिका आहे, मग नवीन काय सांगता? तासिका आहे, हे बरोबर. पण सक्तीच्या विषयाचं जे होतं तेच होतं. प्रश्नोत्तरं पाठ, परीक्षेत उतरवली, श्रेणी मिळाली. कायद्यानं तास मिळतो. वाचायला मूलच लागतं.

वाचन तपासायला फार काही लागत नाही. 'असर' पाहणीवाले २००५ पासून एका कागदावर हे करत आलेत: अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल कुठपर्यंत जातं ते पाहायचं, बस. निपुण भारतचंही म्हणणं वेगळं नाही, तिसरी संपेपर्यंत समजून वाचता आलं पाहिजे. आमच्याकडे गेली दोन वर्षं परीक्षा संपल्यावर, निकालाच्या आधी, एक सकाळ आम्ही यासाठी ठेवतो. पाहुणे नाहीत, बॅनर नाही. मुलांच्या अम्मींना बोलावतो. उन्हामुळे आठ वाजताच. प्रत्येक मूल आपल्या अम्मीशेजारी सतरंजीवर बसतं आणि न पाहिलेलं एक पान उर्दूत, एक मराठीत वाचतं. आधी तयारी करून घ्यायची नाही, हा एकच नियम. माझ्या सहशिक्षकांना पहिल्या वर्षी धाकधूक होती. "मॅडम, नाही आलं तर शाळेची अब्रू जाईल." मलाही होती. काहींना आलंच नाही. अब्रू थोडी गेली. पण एका अम्मीनं नंतर येऊन विचारलं, "घर में क्या करना पडेंगा?" एवढ्या वर्षांच्या पालकसभांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

आणि एक गोष्ट आमच्या कल्पनेतही नव्हती. आमच्या बहुतेक अम्मी कुरआन नाजरा शिकलेल्या. अरबी मजकूर सरळ वाचतात. पण उर्दू वाचता येत नाही असं सांगतात. कारण कुरआनात प्रत्येक अक्षरावर जेर, जबर, पेश असतो, उर्दूच्या पुस्तकात नसतो, आणि अक्षराचं वळणही वेगळं. त्या दिवशी तिसरीतली एक मुलगी अम्मीला पान वाचून दाखवत होती. अम्मीचं बोट पुढे पुढे चाललं होतं. मध्येच थांबून ती म्हणाली, "ये लाम है ना? ये मीम?" मुलगी म्हणाली, "हौ अम्मी. यहां पेश समजनेका." पेश लिहिलेला नव्हता, समजायचा होता. दोघींनी मिळून एक ओळ वाचली. मी तिथून उठून दुसरीकडे गेले, कारण शिक्षिका शेजारी बसली की बाईमाणूस लाजतं.

तीच अम्मी नंतर मराठीच्या पानाकडे बघून म्हणाली की हे ती शिकणार नाही, पण रेशन दुकानाच्या पाटीवर तारीख लिहिलेली असते ती मुलीनं वाचून दाखवावी, दर वेळी दुसऱ्यांना विचारायला लाज वाटते. मुलगी लगेच म्हणाली, "मैं तो हमेशा पढती, तुम पूछेच नै."

त्या मुलीच्या पत्रकात यंदा काय लिहिलं असेल ते सांगत नाही, ते तिच्या घरचं आहे. पण आता मी नोंदी दोन्ही लिप्यांत लिहिते. उर्दूत अम्मीसाठी, देवनागरीत अब्बूंसाठी. जागा कमी पडते, अक्षर बारीक काढावं लागतं. पीडीएफमधून उचलायला जेवढा वेळ लागायचा त्याच्या चौपट लागतो. केंद्रस्तरावर एकदा विचारणा झाली की नोंदी 'नमुन्याप्रमाणे' का नाहीत. मी म्हटलं, मुलंही नमुन्याप्रमाणे नाहीत. (खरं तर असं म्हटलं नाही. "पुढच्या वेळी बघते सर" असं म्हटलं. पण पुढच्या वेळीही तशाच लिहिल्या.)

आमच्या शाळेची आणि मराठी शाळेची भिंत एकच आहे. त्यांची घंटा झाली की आमची मुलं उठतात. वर्षानुवर्षं दोन्ही शाळांचा संबंध म्हणजे भिंतीपलीकडे गेलेला चेंडू. यंदा तिथल्या गुरुजींना मी म्हटलं, आमची पाचवीची मुलं तुमच्या सहावीच्या वर्गात एक तास बसू द्या. नुसती बसू द्या. ते लगेच हो म्हणाले, म्हणाले की एवढ्यात तुम्हीच कधी विचारलं नाही. बोलणं खरं होतं. सात मुलं गेली, त्यातल्या पाच मुली. एकीनं उभं राहून परिच्छेद वाचला, 'शाळा'चं 'शाला' झालं, कुणीतरी हसलं, गुरुजींनी हसणाऱ्याला उर्दूतला 'ख' म्हणायला लावला, खरातला नव्हे, खबरमधला. त्याला काही जमला नाही, मग सगळेच हसले. तास संपल्यावर तिथल्या पोरांनी आमच्या मुलींना गराडा घातला: आमचं नाव उर्दूत लिहून द्या. कुणी वहीवर, कुणी तळहातावर. दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून एक मुलगा मला तळहात दाखवत होता. अंघोळीत शाई निम्मी गेली होती.

त्या पाच मुलींपैकी तिघींच्या घरून सहावीला मराठी शाळेत घालायचं ठरल्याचं कळलं आहे. एक तालुक्याला जाईल, मामाकडे राहून. पाचवीच्या घरी अजून बोलणं चालू आहे. तिच्या दादीचा विरोध आहे. दादी मला ओळखतात, तिच्या अब्बूला मीच शिकवलंय. रविवारी जाऊन बसणार आहे. चहा घेईन, दुसऱ्यांदाही घेईन, लागला तर तिसऱ्यांदा.

आज हे लिहायला बसले तेव्हा चोवीसपैकी तेवीस पत्रकं पूर्ण झाली होती. एक राहिलंय. दुसरीतला एक मुलगा. वर्षभर शेवटच्या बाकावर, हजेरी पूर्ण, तक्रार एक नाही, वाचतो ठीक, लिहितो ठीक. त्याच्याबद्दल मला एकही वाक्य सुचत नाहीये, म्हणजे वर्षभर मी त्याच्याकडे नीट बघितलेलंच नाही. पीडीएफ मोबाइलवर अजून आहे, पुसलेली नाही. शाळेला अजून दोन दिवस आहेत. उद्या मधल्या सुट्टीत तो पाण्याच्या टाकीजवळ एकटाच काहीतरी करत असतो, तिथे जाऊन बघते काय करतो ते.